परळच्या बाकावरची प्रेमकथा

कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, तुम्हाला वेळ कधी मिळतो. आणि दुसरा, हे तुमच्या स्वतःच्या आयुष्यात घडलंय का. पहिल्या प्रश्नाला मी हल्ली नुसती हसते. दुसऱ्याला इतकी वर्षं "थोडंफार" असं उत्तर देत आले. थोडंफार म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं, पुढचे प्रश्न टळतात आणि आयोजकांनी आणलेला चहा गरम असताना पिता येतो.

गेल्या उन्हाळ्यात दादरला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. तिने माझी एकच कादंबरी वाचली होती. बहुतेकांनी तीच वाचलेली असते. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा, आणि वर्षभरात दोघं मोठी कशी होतात त्याची गोष्ट. तिने विचारलं, "मॅडम, साठी उलटल्यावर तुम्हाला इतकं कोवळं प्रेम सुचलं कसं?" मी सवयीने थोडंफार म्हणायला तोंड उघडलं आणि मला एकदम कंटाळा आला. तिच्या प्रश्नाचा नाही, माझ्या उत्तराचा. तरी म्हणाले तेच. टॅक्सीने गिरगावला घरी आले, पाय उशीवर ठेवून पडून राहिले आणि ठरवलं की एकदा काय ते खरं लिहून टाकावं. पुढच्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा म्हणून. तेव्हा हे.

आधी कामाविषयी. बाहेरच्यांना वाटतं, कादंबरी सुचते. सुचतात ती पहिली चार पानं. बाकीची बसून ओढून काढावी लागतात. सकाळचा स्वयंपाक उरकून मी टेबलाशी बसायची ती दुपारी मान आखडली की उठायची. त्यातला अर्धा वेळ आदल्या दिवशीचं खोडण्यात जायचा. वर्ष-दीड वर्षाने बाड प्रकाशकांकडे जायचं. ते म्हणायचे, शंभर पानं कमी करा. मी वीस करायची, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटायचं. या धंद्याला भांडवल म्हणजे कान. आमच्या चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत उभं राहिलं की आजूबाजूच्या घरांतलं सगळं ऐकू येतं. माझ्या पहिल्या काही कादंबऱ्या मला त्या गॅलरीतच मिळाल्या.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. माटुंग्याच्या एका बाईंनी मला फोन करून तासभर फैलावर घेतलं, कारण मी नायिकेच्या सासूला दिलेलं औषध त्या आजारावर चालत नाही. एक निवृत्त गृहस्थ तर जिने चढून थेट दारात आले. माझ्या कादंबरीतला खलनायक हा त्यांचा सख्खा भाऊ आहे आणि मी घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्या भावाला जन्मात पाहिलं नव्हतं, हे त्यांना पटवायला दुपार गेली. शेवटी पटलं. चप्पल घालताना म्हणाले, "पण तो आहे मात्र अगदी तस्साच."

काही वर्षांपूर्वी प्रकाशक माझ्या मागे लागले होते. तुमचा वाचक म्हातारा होत चाललाय, तरुणांसाठी एक प्रेमकथा द्या, पहिलंवहिलं प्रेम वगैरे. मी म्हटलं, मला आता तरुण मुलं ठाऊक नाहीत, ती कशी बोलतात तेही कळत नाही. विषय तिथेच राहिला. कारण त्याच महिन्यात श्रीकांतचा आजार निघाला.

श्रीकांत म्हणजे माझा नवरा. बँकेतून निवृत्त झाला होता, पेटी वाजवायचा, माझ्या प्रत्येक बाडाचा पहिला वाचक होता. पोट दुखतं म्हणता म्हणता जठराचा कर्करोग निघाला आणि आमच्या परळच्या फेऱ्या सुरू झाल्या. परळ हे पूर्वी गिरण्यांचं गाव होतं, आता आजाऱ्यांचं आहे. देशभरातून माणसं येतात, फुटपाथवर स्टोव्ह पेटवतात, धर्मशाळेत पथाऱ्या टाकतात. आम्ही त्यातल्या त्यात सुखी, टॅक्सीने घरी जाऊ शकणारे.

औषध सलाईनमधून चढवायचे. लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना रोग्यांच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी सोबतच्या माणसासाठी एक स्टूल. बाहेर कॉरिडॉरच्या बोळात बाकं. औषध सकाळी लागायचं ते दुपार कलली तरी थेंब थेंब पडतच असायचं. रोग्याला झोप लागली की सोबतचा माणूस बाहेर बाकावर येऊन बसायचा. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. आधी विचारतात, "कुठला आहे?" म्हणजे गाव नव्हे. पोटाचा की घशाचा की रक्ताचा, ते.

त्या बाकावर मी सायलीला पहिल्यांदा पाहिलं. कणकवलीच्या बाजूच्या खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी. तिच्या वडिलांची खुर्ची श्रीकांतच्या बरोबर समोर होती. वडील भिकाजी तरुणपणी लालबागच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी जाऊन आंबा-काजूचं बघायला लागले. आई गावी गुरं आणि धाकट्या भावाला सांभाळत होती, म्हणून बारावीचं वर्ष सोडून सायली वडिलांबरोबर धर्मशाळेत राहिली होती. त्या सकाळी ती रक्त तपासायच्या रांगेत उभी आहे असं समजून भलत्याच रांगेत उभी होती. एक उंच, काटकुळा मुलगा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "ही रांग नव्हे ती. चल, मी दाखवतो." तो ओंकार.

ओंकार लालबागचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी तो आणि आई. कॉलेज अर्धवट टाकून सामान पोचवायचं काम करायचा, आणि आईच्या औषधाच्या दिवशी रजा घेऊन यायचा. त्याला त्या इमारतीची खडान्‌खडा माहिती होती. कुठला डॉक्टर कधी येतो, कुठली लिफ्ट रोग्यांची, कुठल्या वॉर्डबॉय मामांशी गोड बोललं की चाकाची खुर्ची लवकर मिळते. ते सगळं त्याने सायलीला शिकवलं. सायली धर्मशाळेच्या सामाईक स्वयंपाकघरात वडिलांसाठी पेज करायची, त्यातली वाटीभर ओंकारच्या आईसाठी आणायला लागली. मग ओंकारला वरणभात शिकवायला लागली, तोंडी, बाकावर बसून. डाळीत पाणी किती घालायचं यावर त्यांचं जे चालायचं, ते ऐकून मला कळलं की हे डाळीविषयी नाही.

मी आत जाऊन श्रीकांतला सांगितलं. त्याला सुईमुळे एक हात हलवता येत नव्हता, वाचलं की मळमळायचं. वेळ जाता जायचा नाही. म्हणून मी बाहेर बाकावर जायची आणि आत येऊन त्या दोघांच्या बातम्या द्यायची. आज तिने नवी ओढणी घेतलीय. आज तो तिला नाक्यावरच्या दुकानात फोन दुरुस्त करायला घेऊन गेला. श्रीकांत डोळे मिटून ऐकायचा. काही दिवस काहीच घडायचं नाही, तेव्हा मी पदरचं घालायची. त्याला ते बरोबर कळायचं. म्हणायचा, "हे तू घातलंस. तो मुलगा इतकं बोलणार नाही." मी पुन्हा सांगायची, कमी शब्दांत. तेव्हा म्हणायचा, "हां. आता बोलला तो."

एकदा मी बाकावर बसले असताना सायली डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली. बोळभर नजर फिरवली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काकू, आत याल? डॉक्टर म्हणतात कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. तुम्ही नुसत्या बसा. बोलेन मीच."

मी गेले. डॉक्टरीण तरुणच होती. या कोण असं तिने विचारल्यावर सायलीने न अडखळता "मावशी" असं सांगितलं. मग डॉक्टरीण नीट, समजेल असं बोलली. औषधाचा उपयोग होत नाहीये. आणखी दिलं तर त्रास तेवढा वाढेल. घरी न्या, दुखण्यावर गोळ्या देऊ, घरच्या माणसांत राहू दे. मी सायलीचा हात धरायला गेले, तर तो टेबलावर होता आणि बोटांवर ती काहीतरी मोजत होती. ती प्रश्न मोजत होती. खायला काय द्यायचं. दुखणं वाढलं की आधी कुठून वाढेल. गोळ्या तिकडे मिळतील का, नाही मिळाल्या तर कुणाला विचारायचं. अंथरुणावर पडले की पाठीला जखमा होतात म्हणे, त्या होऊ नयेत म्हणून काय करायचं. डॉक्टरीण एकेकाचं उत्तर देत गेली. शेवटी तिने विचारलं की वडिलांना कोण सांगणार. "मी सांगेन," सायली म्हणाली.

माझ्या वयाच्या बायका अशा खोलीतून बाहेर येऊन भिंतीला धरून खाली बसलेल्या मी पाहिल्या आहेत. सायलीने बोळातल्या नळाचं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि ओंकार बसायचा त्या बाकाकडे गेली. तो तिथे नव्हता.

तो त्या आठवड्यात दिसलाच नाही. पुढच्याही नाही. भिकाजींना आता नुसतं ताकदीचं सलाईन लावायचे, तेवढ्यासाठी सायली त्यांना घेऊन यायची. सायली विचारत नव्हती, पण बोळाच्या टोकाला पावलं वाजली की तिची मान वळायची. श्रीकांतने मला विचारलं, मुलगा कुठे गेला. मला माहीत नव्हतं, आणि या वेळी पदरचं काही घालावंसं वाटेना.

कारण कळलं ते ओंकारच्या आईकडून. त्या एका दुपारी पेढ्यांचा पुडा घेऊन दालनात आल्या. त्यांचा रिपोर्ट चांगला आला होता, आता तीन महिन्यांनी नुसतं दाखवायला यायचं होतं. ओंकार खाली थांबलाय, असंही त्या म्हणाल्या. त्या माउलीला भिकाजींचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सायलीच्या हातावर पेढा ठेवला. सायलीने तो खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि वडिलांना भरवला. मग मला म्हणाली, "काकू, तुम्हाला औषधं आणायला खाली जायचंय ना? चला."

ओंकार फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. आईला त्याने एकटीलाच वर पाठवलं होतं. सायलीला बघून तो सरळ उभा राहिला.

"तुझी आई बरी झाली, ते तू लपवलंस माझ्यापासून?"

भिकाजींना घरी न्यायला सांगितलंय, हे त्याला वरच्या कुणा मामांकडून आधीच कळलं असावं.

"तुझी आई बरी झाली म्हणून माझे बाबा जातायत, असं आहे का?" ती हळूच बोलत होती, शेजारच्या फळवाल्यालाही ऐकू गेलं नसतं. "इथे आल्यापासून मी एकसुद्धा चांगली बातमी ऐकली नाही रे. एक होती, ती तू ठेवून घेतलीस."

रडला तो. ती औषधांच्या दुकानाकडे चालू लागली, आणि मी तिच्यामागून.

वर जाऊन मी श्रीकांतला जसंच्या तसं सांगितलं.  तो झोपला असं वाटलं, तर डोळे मिटूनच म्हणाला, "यात काही बदलू नकोस."

भिकाजींना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सायली रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. इतक्यात गावाहून भिकाजींचे भाऊ आले. त्यांच्या मनात एक स्थळ होतं. सायलीला अठरा पुरी व्हायला थोडे महिने होते, पण बोलणी आत्ताच करून ठेवू, भावाच्या डोळ्यांदेखत पोरीचं ठरू दे, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. भावाच्या मागे हे घर आपल्यावर येणार, या विचाराने त्याची झोप उडाली असावी.

सायली पेज गरम करायला गेली असताना भिकाजींनी समोरच्या खुर्चीवरून मला खुणेने बोलावलं. "बाई, तुमी गोष्टी लिवतास म्हणान इचारतंय. माका जावचा आसा, ता माका म्हायत आसा. माझा चेडू, सायली, माका सांगूक भिता. भाव म्हणता तिचा लगीन ठरवून टाकूया. तुमी सांगा, काय करू?"

इतकी वर्षं कागदावरच्या बापांकडून मी मोठमोठे निर्णय घेववले होते. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. मी एवढंच म्हणाले, "तिला विचारा."

ते विचारणं झालं धर्मशाळेच्या व्हरांड्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी. श्रीकांतला त्या दिवशी औषध नव्हतं, तो घरी होता. मी फक्त सायलीने बोलावलं म्हणून गेले होते. भिकाजी भिंतीला टेकून बसले होते, भाऊ कठड्यावर. सायली खाली बसून लसूण सोलत होती. भिकाजींनी भावाने काय आणलंय ते सांगितलं आणि विचारलं, "सायले, तुझा काय म्हणणा?" ती तोंड उघडणार, तेवढ्यात ओंकार आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं. बहुतेक धर्मशाळेतल्याच कुणाकडून.

तो भिकाजींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी करतो लग्न हिच्याशी. आत्ता नाही, ती म्हणेल तेव्हा. पण तुम्ही दुसरीकडे ठरवू नका."

काकांनी त्याला गाव विचारलं. आजोबा देवगडचे, असं तो म्हणाला. काय करतोस विचारलं, तेही त्याने सांगितलं, काही न लपवता.  लिहिणाऱ्या बाईला आयुष्यात असा प्रसंग समोर बसून बघायला मिळत नाही. मनातल्या मनात मी शेवटचं पान लिहूनसुद्धा टाकलं.

सायलीने लसणाची ताटली बाजूला सरकवली.

"मला विचारलंस तू?"

"आता विचारतोय."

"आता तू बाबांना विचारतोयस." ती उठून उभी राहिली. "तू चांगला आहेस, ओंकार. पण तुझी आई सुटली आणि माझे बाबा सुटले नाहीत, याचं तुला ओझं झालंय. ते ओझं उतरवायला तू हे बोलतोयस. मला असं नकोय कुणी."

मग वडिलांकडे वळली. हे सगळं ती एका दमात बोलली, कारण थांबली असती तर राहून गेलं असतं. "बाबा, डॉक्टर म्हणाले घरी जा. औषध चालत नाहीये. मी घरी येते तुमच्याबरोबर. तुमचं सगळं मी करीन. मग बारावी देईन आणि नर्सिंगला जाईन. लग्नाचं माझं मी बघीन."

भिकाजींना हसू आलं. हसता हसता खोकला आला, भावाने पाठ चोळली, पाणी दिलं. श्वास सावरल्यावर ते भावाला म्हणाले, "आयकलंस? आता तिका परत इचारू नको." आणि सायलीला जवळ बसवून तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा ती रडली. ओंकार जावं की थांबावं न कळून तिथेच उभा होता. भिकाजींनी त्यालाही बसायला सांगितलं. सगळ्यांनी पेज प्यायली.

दोन दिवसांनी ते सकाळच्या गाडीने दादरहून गावी गेले. सामान ओंकारनेच चढवलं. मी जाऊ शकले नाही, श्रीकांतला ताप होता. संध्याकाळी ओंकारचा फोन आला, नीट बसले गाडीत, एवढं सांगायला. सायली काय म्हणाली, असं मी विचारलं. "पेपर झाले की फोन करते म्हणाली," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

श्रीकांतने विचारलं, फलाटावर काय झालं. मी म्हटलं, मला माहीत नाही. "मग बनव," तो म्हणाला. मी बनवलं. गाडी सुटेपर्यंत दोघं काय काय बोलली ते सांगितलं. ऐकून म्हणाला, "हे लिहून काढ. तोंडी तू फार गोड करतेस."

तो दिवाळीच्या आधी गेला. घरीच गेला, गिरगावातच. त्यावर मला इथे लिहायचं नाही.

वर्षभर मी टेबलाशी बसले नाही. बाकी सगळं केलं. पेटी कुणाला तरी देऊन टाकली, कपाटं रिकामी केली, चुलतभावांकडच्या लग्नांना गेले. फार थकायला व्हायचं, विशेष काही न करता. मग एके दिवशी कोरे कागद पुढे ओढले आणि दालन, बाक, रांगेत चुकून उभी राहिलेली मुलगी असं लिहायला लागले. चार पानं झाल्यावर थांबून सायलीला फोन लावला. दुसऱ्याचं आयुष्य घ्यायचं तर विचारून घ्यावं, असं मला वाटतं. सगळे लेखक विचारत नाहीत.

भिकाजी गावी गेल्यावर दोन महिन्यांत गेले होते. सायली बारावी होऊन मुंबईत नर्सिंगला आली होती, वरळीला वसतिगृहात राहत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लिहा काकू. नावं बदला. आणि एक करा, बाबांना त्यात मारू नका."

मी हो म्हणाले. बोलायला सोपं होतं. पण ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते, मरणारा एक माणूस गोष्टीत जिवंत ठेवायचा तर सगळी गोष्ट उसवावी लागते. बाप बरा होणार असेल तर काका गावाहून कशाला येतील? काका आले नाहीत तर मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून कशाला येईल? आणि मुलाच्या मनावर ओझंच नसेल, तर मुलगी त्याला नाही का म्हणेल? मी महिनोन्‌महिने झगडले. शेवटी कादंबरीतली मुलगी त्याला हो म्हणाली. माझ्या कादंबरीत दोघांचं जमतं ते प्रकाशकांनी सांगितलं म्हणून नाही, आणि मला गोड शेवट आवडतो म्हणूनही नाही. भिकाजी जगले, म्हणून जमलं.

पुस्तक खूप वाचलं गेलं. एका समीक्षकांनी मात्र लिहिलं की लेखिका मृत्यूला घाबरून पळाली आहे, एवढ्या गंभीर आजारातून बाप बरा होतो हे पटत नाही. त्यांचं बरोबर होतं, पटण्यासारखं नव्हतंच. मी उत्तर दिलं नाही. मला ज्या एका माणसाचं मत हवं होतं ते मिळणार नव्हतं, आणि दुसरीने, सायलीने, पुस्तक मिळाल्याचं कळवलं होतं, पण वाचलं की नाही ते सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

हा लेख इथवर लिहून झाला होता आणि आता शेवट कसा करावा या विचारात मी दोन दिवस काढले. तेवढ्यात परवा सायली घरी आली. लग्नाचं आमंत्रण द्यायला. तिच्याच रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करणारा मुलगा आहे. डोळ्यांखाली काळं झालेलं, सलग ड्युट्या करून आलेली, स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसून तिने आधी दोन कप चहा घेतला. मी ओंकारचं विचारलं. त्याचं लग्न होऊन मुलगी झालीय. आई ठणठणीत आहे, सायलीला महिन्यातून एकदा मासे खायला बोलावते. मधली दोन वर्षं ती आणि ओंकार पुष्कळ भेटत होती, तिने स्वतःहूनच सांगितलं. "पण तो माझी काळजीच करायचा काकू. सारखी. मला पेशंटसारखं वाटायला लागलं."

मग म्हणाली, "पुस्तक मी आत्ता वाचलं. इतकी वर्षं धीर होत नव्हता. बाबा घरी येतात आणि आंब्याखाली खुर्ची टाकून बसतात, ते पान मी आईला फोनवरून वाचून दाखवलं."

आई काय म्हणाली, असं मी विचारलं. आईने पुन्हा वाचायला लावलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुम्ही बाकावर बसून आमच्याकडे बघायचात ना, ते आम्हाला कळायचं. ओंकार लाजायचा. पण आत दालनात मी तुमच्याकडे बघायचे. बाबांची खुर्ची समोरच होती."

"काय बघायचीस?"

"तुम्हाला स्टुलावर बसल्या बसल्या झोप लागायची. मग काका हळूच तुमचा चष्मा काढून घ्यायचे, सुई नसलेल्या हाताने. पडू नये म्हणून मुठीत धरून बसायचे. नर्स आली तरी सोडायचे नाहीत. तुमची मान हलली की परत तुमच्या मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, चष्मा मीच काढून ठेवते.

"ओंकारला मी नाही म्हणाले ना, त्याच्या आदल्या दिवशीच पाहिलं होतं," सायली म्हणाली. "म्हटलं, थांबावं. असं कुणी भेटेपर्यंत."

मी उठून गॅसखालचा ओटा पुसायला लागले. तो स्वच्छच होता. पाठमोरीच राहून मी तिला विचारलं, किती वेळ धरून बसायचा ग तो.

"तुम्ही जाग्या होईपर्यंत," ती म्हणाली.